आत्याच्या ओव्या आणि प्रिंटर पोर्टचं कुलूप

पोस्ट लांब आहे. दोन भागांत टाकणार होतो, पण दुसरा भाग कुणी वाचत नाही हे आता कळून चुकलंय. म्हणून एकदमच टाकतोय. सवडीनं वाचा. शेवटी एक कामाची विनंती आहे, ती तरी वाचाच.

माझी थोरली आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सगळी नोकरी माण तालुक्यात, दहिवडीच्या आसपासच्या गावांत झाली. 1996 ते 2002 या काळात तिनं जात्यावरच्या ओव्या जमवल्या. कुणी काम दिलं नव्हतं, अनुदान नव्हतं, पीएचडी तर नव्हतीच. शाळेतल्या पोरांच्या आज्यांकडे जाऊन बसायची आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्यायची. तोवर गावोगावी गिरणी झाली होती, जाती परड्यात पालथी पडली होती. पण ओव्या बायकांच्या तोंडात होत्या. काहीजणींना नुसतं बसून आठवायचंच नाही. मग आत्या त्यांच्यासमोर जात्यावर बसायची, हाताला खुंटा लागला की ओवी यायची. 37 बायका, 1,140 ओव्या, सात वह्या.

(हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी याहून कितीतरी मोठं काम करून ठेवलंय. लाखाच्या वर ओव्या आहेत, 'पारी'च्या साइटवर वाचायला आणि ऐकायला मिळतात. जरूर बघा. आत्याला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली एकटीच करत होती.)

2003 साली तिनं ठरवलं, पुस्तक काढायचं. तालुक्याला एकच डीटीपीचं दुकान चालायचं. लग्नपत्रिका, पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, निवडणुकीची हँडबिलं, सगळं तिथंच. दुकानदार हौशी माणूस. पानाला 15 रुपये दर असताना आत्याकडून 10च घेतले, आणि 212 पानं लावून दिली. पुढं प्रकाशकानं कागदाचे पैसे तुम्हीच घाला म्हटल्यावर पुस्तक राहिलं ते राहिलंच.

2011 मध्ये घरातल्या लाकडी कपाटाला वाळवी लागली. सातातल्या पाच वह्या गेल्या. प्रूफांची 58 पानं तेवढी हाती लागली. तरी कुणी फार हळहळलं नाही, कारण दुकानदारानं एक सीडी करून दिली होती. वर स्केचपेननं लिहिलेलं, 'ओव्या फायनल'. आत्या म्हणायची, "सीडी हाय की." मीही म्हणायचो, "सीडी आहे ना, मग काय." मी पुण्यात सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मला तरी कळायला हवं होतं.

2024च्या दिवाळीत ती सीडी उघडायला घेतली. लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. मित्राकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, तीन फायली दिसल्या. पेजमेकर 6.5. ज्यांनी नव्वदीत डीटीपी पाहिलंय त्यांना पेजमेकर सांगायला नको. त्याची शेवटची आवृत्ती 7.0, 2001 सालची. त्यानंतर ते सॉफ्टवेअर तिथंच थांबलं. पण फाइल उघडणं हा पुढचा प्रश्न होता. मी आधी दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये त्यातला मजकूर ओढून पाहिला. पडद्यावर आलं काय? टोप्या घातलेली रोमन ए, पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एखादा आकडा. 212 पानं असलीच. आत्या मागं उभी होती. म्हणाली, "हे कुणाचं?"

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. आज युनिकोडमध्ये 'क' म्हणजे 2325. तुमच्या फोनवर तोच, माझ्या लॅपटॉपवर तोच, अमेरिकेतल्या भाच्याकडे तोच. देवनागरीला अशी 128 घरं दिलेली आहेत, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची आहे. पण आपल्याकडच्या दुकानांत ते पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. तोवर काय चाललं होतं? इंग्रजी अक्षरांसाठी जी 256 घरं होती, त्यातच प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपापल्या सोयीनं मराठी आकार बसवले. अर्धा क इथं, काना तिथं, रफार आणखी कुठं. एकाचा तक्ता दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांचे आकडे होते आणि वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला. आठवत असेल, एकेकाळी नेटवर मराठी पेपर वाचायला आधी त्या पेपरचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. तीच गोष्ट.

मग तो फॉन्ट मिळवू या म्हणून दुकान शोधत गेलो. दुकानदार 2014 मध्ये गेले. मुलगा आता तिथंच ऑनलाइन फॉर्म भरून देतो, झेरॉक्स काढतो. पोरगा चांगला. माळ्यावरून जुना सीपीयू काढून दिला. हार्डडिस्क मेलेली. पण मागच्या बाजूला, प्रिंटरची वायर लावायच्या जागी, बोटाएवढा एक करडा तुकडा अजून स्क्रूनं घट्ट बसवलेला. तेच ते डोंगल. त्याला दुकानात 'लॉक' म्हणायचे. ते पोर्टला लावलेलं असेल तरच मराठीचं पॅकेज चालायचं. लॉक नाही तर फॉन्ट नाही. आता ते लॉक माझ्या हातात होतं आणि ते लावायला प्रिंटर पोर्ट असलेलं मशीन नव्हतं. हार्डडिस्कबरोबर पॅकेज गेलेलं होतं, ते वेगळंच.

कंपनीला फोन केला. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं. पलीकडची मुलगी नम्र होती. "सर, ते व्हर्जन आता सपोर्टेड नाही. नवीन पॅकेज घ्या, त्यात कन्व्हर्टर येतो." मी म्हटलं, मला पॅकेज नकोय. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर एवढा तक्ता द्या. दोनेकशे ओळींचा असेल, एका पानात बसेल. तिनं वरिष्ठांना विचारलं आणि दोन दिवसांनी उत्तर आलं की असा तक्ता बाहेर देता येत नाही.

इथं मला जरा न्यायानं बोललं पाहिजे. या मंडळींनी मराठीचं मोठं काम केलंय. ऐंशीच्या अखेरीला आणि नव्वदीत परदेशी कंपन्यांना देवनागरी दिसतही नव्हती, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या लोकांनी घाम गाळून अक्षरं काढली. कितीतरी दिवाळी अंक, कथासंग्रह, पाठ्यपुस्तकं त्याच फॉन्टांवर उभी राहिली. आणि लॉक का लावलं? कारण आपण चोर होतो. एक पॅकेज घेऊन दहा दुकानांत टाकायचं ही आपली रीत होती, मीही कॉलेजात तेच केलंय. तेव्हा त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरला कुलूप लावलं, याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कुलूप त्यांच्या वस्तूला होतं, पण आत अडकल्या आत्याच्या ओव्या. ओव्या तिच्याही नव्हत्या, त्या 37 बायकांच्या होत्या. सुतारानं कपाट विकलं, कपाटाची किल्ली आपल्याकडे ठेवली तरी एक वेळ समजू शकतो. पण कपाटातल्या लुगड्यांवर त्याचा हक्क कसा? आपण लिहिलेलं आपल्याला वाचता येण्यासाठी कुणाची परवानगी लागत असेल, तर ते लिहिलेलं आपलं नाही. माझ्या व्यवसायात याला 'लॉक-इन' म्हणतात, आणि ते वाईट समजलं जात नाही. धंद्याच्या प्रेझेंटेशनमध्ये ते फायद्याच्या बाजूला लिहिलेलं असतं. मी स्वतः तसली प्रेझेंटेशनं पाहिलीत आणि मान डोलावली आहे.

तुम्हाला वाटेल, ही जुनी गोष्ट झाली, आता युनिकोड आहे. आहे ना. पण आता पॅकेज विकत मिळतच नाही, भाड्यानं मिळतं. महिना चुकला की आपण केलेलं डिझाइन आपल्यालाच उघडायची पंचाईत. मुलांचे फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर, हिशेब कुणाच्या तरी अॅपमध्ये. ते अॅप बंद पडलं तर वही बाहेर काढायची सोय आहे का, हे आपल्यातलं कोण बघतं? लॉक पूर्वी पोर्टला दिसायचं तरी, हाताला लागायचं. आता ते पासवर्डाच्या मागं आहे.

असो. ओव्यांकडे येतो.

मी आळशी माणसाचा मार्ग धरला. नेटवर जुन्या फॉन्टांचं युनिकोड करून देणाऱ्या फुकट साइट आहेत. इकडच्या चौकोनात पेस्ट करा, बटण दाबा, तिकडे मराठी. ढोबळ अंदाजानं एक फॉन्ट निवडला आणि पहिली तीन पानं टाकली. निम्मं-अर्धं बरोबर आलं! आत्या खूश. एक ओवी तिनं लगेच ओळखली, सांगणारीचं नाव ओळखलं, तिच्या माहेरचं गाव सांगितलं. मी पुढची पानं कॉपी करत होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "हे मराठी कोण करतंय? तुझा कॉम्प्युटर?"

म्हटलं, नाही, ती साइट करते.

"म्हंजी हे त्यांच्याकडं गेलं?"

म्हटलं, हो, तसं जातं.

"कोण हायत ती?"

मला सांगता येईना. साइटवर नाव नव्हतं, पत्ता नव्हता. मजकूर ठेवतात की पुसतात याबद्दल एक ओळ नव्हती. बहुधा कुणीतरी भल्या माणसानं फावल्या वेळात केलेली साइट असेल, आणि त्यानं काही ठेवलंही नसेल. पण मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी तीन पानं देऊन बसलो होतो.

आत्या खुर्चीत बसली. मग तिनं मला जे सांगितलं, ते मला आधी कधीच ठाऊक नव्हतं. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव आणि गाव होतं. काही ओव्यांखाली आत्यानं दोन-दोन ओळींत टीप लिहिली होती, ही ओवी तिला कशावरून सुचली. नवऱ्यानं टाकलेली, दिराचा त्रास असलेली, लेकरू विहिरीत गेलेली. अशा बायकांनी ते आत्याला सांगितलं होतं, छापायला नव्हे. आत्यानं त्यांना शब्द दिला होता. वहीत ज्या नावाच्या आधी टिंब, ते नाव छापायचं नाही. काही बायकांनी उलट सांगितलं होतं, "माझं नाव मोठ्या अक्षरात घाल बाई, कुठं तर येऊ दे." त्या नावांना टिंब नाही. आणि एक म्हातारी पुढच्या आठवड्यात शाळेत चालत आली होती, दोन मैल. म्हणाली, "ती तिसरी ओवी खोड." आत्यानं तिच्यासमोर खोडली.

टायपिंग करताना दुकानदारानं सगळंच टाइप केलं. टिंबं नाही टाकली, त्याला ती शाईचे ठिपके वाटली असतील. प्रूफात काढू असं आत्यानं ठरवलं होतं. आणि टिंबांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या.

मी ती साइट बंद केली. गेलेली तीन पानं परत आणायचा मार्ग नव्हता. 'डिलीट'चं बटणच नव्हतं. त्या तीन पानांत टिंबाची नावं किती होती, हे आत्यानं मोजलं. दोन.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर खोटं होईल, लागली. पण सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. आम्ही जे अॅप बनवतो त्यात 'मला मान्य आहे' असं बटण आहे. त्याच्यावर बावीस पानांचा इंग्रजी मजकूर आहे, जो मीसुद्धा वाचलेला नाही. आणि 'माझं खातं काढून टाका' हे पाच पडदे आत आहे. ते पाच पडदे मी स्वतः टेस्ट केलेत. दर पडद्यावर 'तुम्हाला नक्की जायचंय का?' असं विचारतात. बग निघाला नाही म्हणून मी पास केलं. अॅपला फोनबुक कशाला लागतं, असं एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं, "आत्ता नाही लागत, पण पुढं लागलं तर?" हसून विषय संपला. आमच्या धंद्यात माहिती गोळा करण्याचं निम्मं कारण हेच असतं, पुढं लागलं तर. पेरू पिकला नाही तरी तोडून ठेवायचा, कारण झाड आपल्या वाटेवर आहे.

आणि इकडं एक प्राथमिक शिक्षिका 1998 साली शाईच्या टिंबानं संमती नोंदवत होती. ओवीगणिक वेगळी. खोड म्हटलं की खोडत होती, पाच पडदे न दाखवता.

आता थोडं कायद्याचं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशीच्या पुढं लावला होता, हे मला फार आवडतं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आणि नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं दीड वर्षाची मुदत. कायद्यात चांगलं काय आहे? संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे म्हातारीचं "ती खोड बाई" आता कायद्यात आलं. दुसरं, संमती मागणारा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला दिला पाहिजे. म्हणजे मराठीत. हे आपण मागितलं पाहिजे, बँकेला, विम्याला, सोसायटीच्या गेटवरच्या अॅपला, सगळ्यांना. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंड 250 कोटींपर्यंत आहे.

वाईट काय? सरकारला स्वतःच्या यंत्रणांना यातून सूट देता येते, आणि ती दारं चांगली रुंद ठेवलीत. शिवाय याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे)मध्ये बदल केला. आधी मोठं जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागायची, ती त्या कलमातली अटच गेली. गावातल्या योजनेचे लाभार्थी कोण, हे विचारणाऱ्याला उद्या 'वैयक्तिक माहिती आहे' असं सांगून परत पाठवता येईल. खासगीपणाचं नाव घेऊन साहेबांची फाइल झाकायची, हे त्या नऊ न्यायाधीशांच्या मनात नसणार. यावर वेगळी पोस्ट लिहीन, इथं फाटा फुटतो.

तर मी काय केलं ते सांगतो. आत्याच्या समोर लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. तिला दाखवलं की बंद केलंय. तिनं विचारलं, "नक्की?" म्हटलं, नक्की.

लिबरऑफिस नावाचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, तुमच्यातले काहीजण वापरतही असतील. त्याला पेजमेकरच्या फायली वाचता येतात, हे मला आधी माहीत नव्हतं. जगभरच्या काही लोकांनी 2014 साली डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट सुरू केलं, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली उकलून आतला मजकूर सोडवायचा एवढंच त्याचं काम. लिबरेशन हा शब्द मला आधी जरा भारी वाटला होता. आता नाही वाटत. मांडणी सगळी विस्कटली, पण मजकूर, म्हणजे ते टोप्यावाले ए, ओळीनं हाती आले. विशेष म्हणजे हे करणाऱ्यांपैकी कुणी माण तालुका नकाशावरही पाहिलेला नसेल.

राहिला तक्ता. तो आम्ही घरीच बनवला. वाळवीतून वाचलेली 58 प्रूफं एका बाजूला, फाइलमधले आकडे दुसऱ्या बाजूला. कागदावर 'माउली' आहे आणि फाइलमध्ये अमुक पाच आकडे आहेत, म्हणजे हा म, हा काना. असं करत अकरा रविवार गेले. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लिहिणं अवघड नव्हतं, चुका काढणं अवघड होतं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा, तिकडे अक्षरानंतर, इकडे आधी. त्यामुळे पहिल्या फेरीत वेलांट्या शेजारणीच्या डोक्यावर जाऊन बसल्या. सगळ्यात छळलं ते आपल्या मराठीच्या ऱ्यानं. 'सासऱ्याचा' जिथं तिथं 'सासर्याचा' होऊन येई, आणि ओव्यांत सासरे काय कमी असतात?

जिथं प्रूफही नव्हतं आणि प्रोग्रॅमही गोंधळला, तिथं आत्या होती. वय 78. मी तुटकंफुटकं वाचायचो, दोन शब्द कळायचे, मधले तीन कळायचे नाहीत. ती डोळे मिटायची, हात मांडीवर गोल फिरवायची, आणि ओवी सुरापासून म्हणायला लागायची. मधले तीन शब्द आपोआप यायचे. मी टाइप करायचो. शेवटी तक्त्यातली शंभर टक्के खात्रीची घरं आम्ही अशीच भरली. जो तक्ता कंपनीला देता येत नव्हता तो एका बाईच्या कानात होता.

एक भानगड मधे झाली तीही सांगतो, कारण ती तुमच्याही फोनवर आहे. घरी गेल्यावर सुचलेल्या दुरुस्त्या आत्याला फोनवर लिहून ठेवायच्या होत्या. तिच्या फोनवर मराठीसाठी भाच्यानं कुठलासा रंगीत कीबोर्ड टाकून दिला होता, फुलंबिलं असलेला. असा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड एक सूचना दाखवतं, की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं गोळा करू शकेल, पासवर्ड आणि कार्डाचे नंबरसुद्धा. आपण सगळे 'ओके' दाबतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला फोनबरोबर आलेला कीबोर्ड पुरतो. कितीतरी वर्षं आपल्या लिपीसाठी मात्र बाहेरचा उतरवावा लागायचा, म्हणजे हा सौदा आपल्याच वाट्याला. आणि हे भय काल्पनिक नाही. 2017 मध्ये 'एआय.टाइप' नावाच्या कीबोर्डाच्या 3 कोटी 10 लाखांच्या आसपास लोकांची माहिती उघड्यावर पडलेली सापडली. एप्रिल 2024 मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅबनं चिनी लिहिण्याचे कीबोर्ड तपासले. नऊ कंपन्यांपैकी आठांच्या कीबोर्डात असे दोष निघाले की दाबलेली अक्षरं वाटेत वाचता येत होती. चिनी लोकांचीही अडचण आपल्यासारखीच, लिपी मोठी, मदतीला सर्व्हर हवा. आत्याच्या फोनवरचा फुलांचा कीबोर्ड मी काढला. आता फोनबरोबर आलेल्या कीबोर्डात मराठी निवडता येतं, तेच लावून दिलं. तिला फुलं आवडायची. तुम्हीही आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोन घेऊन एवढं बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हिशेब असा. 1,140 पैकी 1,079 ओव्या सुटल्या. तिसऱ्या फाइलचा शेवट सीडीवरच्या चऱ्यामुळे वाचता येत नाही, त्यात 61 गेल्या. नावांचं आत्यानं ठरवलं. जिला छापू नको म्हटल्याचं तिला पक्कं आठवतं, तिचं नाव काढायचं. जिनं मोठ्या अक्षरात घाल म्हटलं होतं, तिचं मोठ्या अक्षरात घालायचं. जिथं आठवत नाही, तिथं नाव नाही, टीपही नाही, फक्त ओवी आणि तालुका. मी म्हटलं, अगं, मग पुस्तकातला जीव जाईल. म्हणाली, "शब्द मी दिलाय, पुस्तकानं नाही." पानं 'मुक्ता' फॉन्टमध्ये लावतोय. मुंबईच्या एक टाइपनं काढलेला आहे, खुल्या परवान्याचा. लॉक नाही.

आता विनंती. आपल्या भागात 1990 ते 2010 या काळात टाइप झालेलं कितीतरी पडून आहे. गावांचे इतिहास, शाळांच्या स्मरणिका, कुणाच्या वडिलांच्या कविता, यात्रेचे ताळेबंद, वंशावळी. सीडीवर, फ्लॉपीवर, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यावर. छापील प्रत असेल तर ती आधी जपा, तक्ता तिच्यातूनच निघतो. आणि ज्यांनी ते लिहिलं ती माणसं असतील तर लवकर करा. माझा प्रोग्रॅम खुला ठेवलाय, ज्याला हवा त्यानं कमेंटमध्ये सांगा, फुकट आहे, नेटशिवाय चालतो. तक्ता मात्र तुमच्या फॉन्टचा तुम्हाला बनवावा लागेल, त्यात मी रविवारी हात देईन. सीडी मला पाठवू नका. स्वतः घेऊन या, शेजारी बसा, तुमच्याच लॅपटॉपवर करू.

राहिलेल्या 61 ओव्या दोन गावांतल्या होत्या. 37 जणींपैकी चौघी आज हयात आहेत, त्यातली एक त्याच गावची. ऐंशीच्या पुढची आहे, ऐकायला कमी येतं, पण म्हणते अजून, असं तिच्या नातवानं फोनवर सांगितलं. घरात जातंही आहे, तुळशीपाशी पालथं. या रविवारी आत्याला घेऊन जातोय. ती म्हणाली रेकॉर्डिंगचं आधी विचारायचं, मगच फोन खिशातून काढायचा. एक नवी वही घेतलीय, शाईचं पेन घेतलंय. सकाळी साडेसहाची एसटी आहे.